हे बदक आजारी आहे

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. तो डबा मी भंगारात देणार नाही, विकणार नाही, कोणाला भेट देणार नाही आणि त्याच्यावर फुलदाणीही ठेवू देणार नाही. हे मी बायकोला सांगितलं आहे, मुलीला फोनवर सांगितलं आहे आणि शेजारच्या आक्षेपकाकांना तर जिन्यात अडवून सांगितलं आहे. कोणाला सांगायचं राहिलं असेल, तर त्यांनी हेच निवेदन समजावं.

डबा म्हणजे व्हिडिओ गेमचा कन्सोल. मुलगी शाळेत असताना घेतलेला. तेव्हा तो नवा होता आणि माझ्याही डोक्यावर केस होते. पुढे मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि डबा कपाटावर गेला. तिथे तो सुखाने धूळ खात पडला असता, पण मध्येच आमची आई स्टुलावर चढली.

का चढली याला महत्त्व नाही. चढू नकोस असं मी म्हणालो होतो, एवढं कारण तिला पुरतं. ती पडली, उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, यथावकाश ते निघालं. पण आतून जो हात बाहेर आला त्याची बोटं वळायलाच तयार नव्हती. जन्मभर या हाताने फळ्यावर गणितं सोडवली. तिला सगळी गल्ली अजून 'बाई' म्हणते. आता त्या हाताला साधी पेन्सिल धरवेना.

हाताचे व्यायाम घ्यायला एक तरुण डॉक्टर घरी येऊ लागला. त्याने पहिल्याच दिवशी आईच्या हातात एक पिवळा मऊ चेंडू ठेवला आणि लाडीगोडीने म्हणाला, "आजी, हा दाबायचा हं! दाबा बघू, शाब्बास!" ज्या बाईने अर्ध्या गावाला पाढे पाठ होईपर्यंत उभं करून ठेवलं, तिला हा 'शाब्बास' म्हणत होता. आईने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखतो. त्या दिवसापासून त्याचं नाव 'चेंडूवाला' पडलं आणि चेंडू कधी कुंडीत, कधी चपलांच्या कपाटात सापडू लागला.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. चेंडूवाल्याने मला एकदा बाजूला घेतलं. "काका, बोटं आत्ता हलली तर हलली. आणखी थोडे आठवडे असेच गेले, तर मग ती तशीच राहतील." त्यापेक्षाही मला लागत होतं ते वेगळंच. आई आता आपलं ताट स्वतःच्या खोलीत घेऊन जाई आणि दार लावून जेवे. डाव्या हातात चमचा धरून खाताना सांडायचं, ते आम्ही पाहू नये म्हणून. बंद दारामागे चमचा ताटावर आपटल्याचा आवाज इकडे आमच्या टेबलापर्यंत यायचा.

अशाच एका जेवणाच्या वेळी मला बदक आठवलं.

माझ्या लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा एक खेळ होता. त्यात निळी कॅसेट घातली की पडद्यावर एक बदक यायचं. त्याने शिड्या चढायच्या, अंडी गोळा करायची, कोल्ह्यांना चुकवायचं आणि विहिरीत पडायचं नाही. आम्हा भावंडांना तो खेळ दिवसातून थोडाच वेळ मिळायचा, कारण आईच्या मते त्याने बुद्धी गंजते. एकदा ताप आला म्हणून मी शाळेतून लवकर परतलो, तर दाराला आतून कडी आणि आत बदकाचं संगीत. सकाळची शाळा आटोपून बाई दुपारभर स्वतःची बुद्धी गंजवत बसल्या होत्या. आम्ही कधी न पाहिलेल्या शिडीपर्यंत तिचं बदक पोहोचलं होतं.

मी लगेच मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, असले ढीगभर गेम फोनवर मिळतात." मी तसला एक मिळवून फोन आईपुढे धरला. आई म्हणाली, "काचेवर बोट फिरवायला मी काय धूळ पुसतेय? बटण कुठाय?" मुद्दा बिनतोड होता. बोटांना दाबायला बटणच हवं, आणि तेही तिच्या ओळखीच्या खेळातलं.

"मग आपला जुना डबा काढ," मुलगी म्हणाली. "त्यात एम्युलेटर टाकता येतो."

एम्युलेटर म्हणजे काय, हे तिने मला समजावलं आणि मला ते समजलं, ही या प्रकरणातली पहिली आश्चर्याची गोष्ट. एका यंत्राने दुसऱ्या यंत्राचं सोंग घ्यायचं. डब्यात असा एक प्रोग्रॅम घालायचा, की तो स्वतःला त्याच्याहूनही म्हाताऱ्या डब्यासारखा समजू लागतो आणि त्या काळचे खेळ खेळू लागतो. आमच्या कार्यालयात नेमकं उलटं चालतं. तिथे म्हातारे साहेब केस रंगवून स्वतःला नवे समजतात.

आईला यातलं काही सांगायचं नाही असं मी ठरवलं. तिच्यासाठी म्हणून काही केलं की ती ते होऊ देत नाही. सगळ्या अनर्थाचं मूळ हा माझा निर्णय होता असं बायको म्हणते. म्हणू दे.

मी स्टुलावर चढून डबा काढत असतानाच आक्षेपकाका आले. हे आमचे शेजारी. आयुष्यभर सरकारी खात्यांचे हिशेब तपासले. निवृत्त होऊन जमाना झाला, पण आक्षेप काढल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही.

"स्टूल तेच का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "नोंद घेतली," ते म्हणाले आणि सोफ्यावर बसले. मी योजना सांगितली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. "आक्षेप आहे. खेळ मालकीचा आहे का तुझ्या?"

"होता ना काका. निळी कॅसेट होती."

"होती म्हणजे नाही. उगाच कुठून तरी फुकट उतरवून घेशील आणि बाईंच्या घरावर बालंट आणशील. मूळ वस्तू सादर कर, मग तिची नक्कल काढ."

माणूस वैतागवाणा, पण बोलणं खोटं नव्हतं. मी माळा उपसला, पेट्या उलट्या केल्या. शेवटी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती निळी कॅसेट शोधताय होय? ती भांड्यांच्या कपाटाखाली आहे की. या घरात आलो तेव्हा कपाट डुगडुगत होतं, तेव्हा तुम्हीच तर पायाखाली सरकवली होती."

कपाटाच्या पुढच्या पायाखाली ती खरोखरच होती. इतकी वर्षं आमच्या सगळ्या भांड्याकुंड्यांचा भार त्या बदकाने एकट्याने वाहिला होता. "आक्षेप!" काका ओरडले, पण तोवर मी ती ओढली होती. कपाट आदबीने पुढे झुकलं, दार उघडलं आणि पाहुण्यांसाठी म्हणून जपलेले, आजवर एकाही पाहुण्याच्या ओठाला न लागलेले काचेचे पेले एकामागून एक खाली उतरले.

बायकोने काचांकडे पाहिलं. ती शांतपणे बैठकीच्या खोलीत गेली, फळीवरून माझं 'उत्कृष्ट दावे तपासनीस' हे स्मृतिचिन्ह उचललं, स्वयंपाकघरात आणलं आणि कपाटाच्या पायाखाली सरकवलं. कपाट हलवून पाहिलं. "मापात बसलं," म्हणाली. विमा कार्यालयातल्या माझ्या उभ्या कारकिर्दीचं ते एकमेव फळ आजही तिथेच आहे.

कॅसेटमधला खेळ पेनड्राइव्हवर उतरवायला मी बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे उस्ताद म्हणतात, म्हणजे तो स्वतःच तसं म्हणवून घेतो. त्याला काहीही सांगा, तो "होऊन जाईल" म्हणतो. त्याने खोडरबराने कॅसेटचे दात घासले, एका तारांच्या जंजाळात ती खुपसली आणि संध्याकाळी माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवला. घरी येऊन लावला तर त्यात कोणाच्या तरी लग्नाचं चित्रीकरण! मी बंद करणार तोच काका म्हणाले, "थांब, बघू दे जरा." त्यांनी अख्खं लग्न पाहिलं. नवऱ्या मुलाचा चेहरा उतरलेला आहे आणि जेवणाची पंगत उशिरा बसली, असे दोन आक्षेपही नोंदवले. तिकडे त्या लग्नघरी आमचं बदक गेलं होतं. पेनड्राइव्ह बदलायला आलेला नवरा मुलगा आता चांगला खुशीत दिसत होता, आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात देताना त्याने विचारलं, "काका, तिसऱ्या शिडीवरच्या कोल्ह्याचं काय करायचं असतं हो?"

मग तो दिवस उजाडला. मी रजा टाकली. मुलीने पाठवलेल्या सूचना समोर ठेवून डबा टीव्हीला जोडला आणि एम्युलेटर टाकायला सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू सरकू लागली. तिच्याखाली लिहिलं होतं, की काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नये. कोण कशाला बंद करेल? मी निवांत होतो. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, म्हणून मी दारात गेलो. काका होते. नवीन आक्षेप सुचला होता.

आता इथे आमच्या घराचा एक कायदा सांगायला हवा. खोलीत माणूस नसेल तर भिंतीवरचं बटण चालू दिसता कामा नये. हा कायदा आईने केला. तिची सून आली, नात मोठी झाली, सरकारं आली नि गेली, कायदा तोच. रिकाम्या खोलीत चालू बटण दिसलं की आईचा हात आपसूक तिकडे जातो. उजवा चालत नसेल तर डावा जातो.

मी परत आलो तर पडदा काळा आणि आई दारातून बाहेर पडत होती. "खोलीत चिटपाखरू नाही आणि सगळं आपलं चालू," ती म्हणाली. "वीज काय झाडाला लागते?"

डब्यावर एक लाल दिवा लुकलुकत होता. बाकी सगळं थंडगार. तिच्यावर ओरडावं तर काय म्हणून ओरडावं? तिला मी काही सांगितलंच नव्हतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि नळावर ओरडून आलो.

मग कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. "सर, आपलं यंत्र जुनं आहे. ते आता आमच्या नियमात बसत नाही."

मी दचकलो. हे माझंच वाक्य! कार्यालयात रोज मी ते कितीतरी लोकांना ऐकवतो, पण ऐकणाऱ्याला ते एवढं झोंबतं याची मला कल्पना नव्हती.

"म्हणजे दुरुस्त होणार नाही?"

"सर, तुम्ही नवीन का घेत नाही?"

माझं डोकं फिरलं. "बाई, तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस पडलं, हात चालेनासा झाला, की तुम्ही नवीन आणता का?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती हळूच म्हणाली, "सर, याचं उत्तर आम्हाला दिलेलं नाहीये." आणि आणखी हळू, "काय झालंय आजीला?" मी सगळं सांगितलं. तिला दुरुस्ती सांगता येत नव्हती, नियम होता. पण "हार मानू नका सर" असं ती म्हणाली, आणि मग संभाषण प्रशिक्षणासाठी ध्वनिमुद्रित होत असल्याचं तिला आठवलं.

उस्तादने डबा पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच "होऊन जाईल" म्हणाला नाही. "गेला हा," म्हणाला. "सुटे भाग काढून घेतो, इथेच ठेवून जा." मी डबा त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला. जो तो मेल्याचा दाखला द्यायला बसला होता! बोटं गेली, डबा गेला, नवीन आणा, सवय करून घ्या. कोणी सांगितलं? चालणारी वस्तू चालेपर्यंत आणि न चालणारी चालवेपर्यंत मी सोडणार नाही, असं मी भर रस्त्यात मोठ्याने म्हणालो. लोक वळून पाहू लागले. पाहू देत.

आमची मुलगीच शेवटी उपयोगी पडली. तिने कुठूनसं शोधून काढलं, की डब्याची पुढची दोन्ही बटणं आणि पाठीमागचं एक बारीक बटण एकदम दाबून धरलं आणि त्याच क्षणी वीज सुरू केली, तर तो पुन्हा शुद्धीवर येऊ शकतो. पुढची बटणं बायकोने दाबली. मागचं मी सुईने दाबलं. भिंतीच्या बटणापाशी काका उभे राहिले. फोनच्या पडद्यावरून मुलगी ओरडली, "आता!" काका म्हणाले, "कोणाच्या आदेशाने?" आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

नंतर केव्हातरी दिवा लालचा हिरवा झाला. आम्ही दोघे जमिनीवर पालथे पडून एका डब्याला कवटाळलेले, काकांचा हात अजून भिंतीवर, आणि दारात आई.

"काय चाललंय?"

खोटं बोलण्यासारखी आमची अवस्था नव्हती. मी सांगून टाकलं. आईचा चेहरा कठोर झाला.

"माझ्यासाठी? आणि मला न विचारता? मी काय कपाटावर ठेवलेली वस्तू आहे, खाली काढून पुसायला?"

मी काही बोलणार, तेवढ्यात पडद्यावर निळं आकाश आलं, शिड्या आल्या आणि ते संगीत सुरू झालं. बदक डुलत डुलत बाहेर आलं. आई बोलता बोलता थांबली. ती पुढे आली, चष्मा सरळ केला आणि बराच वेळ नुसती पाहत राहिली. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. माझ्या तर आलंच होतं.

"हे बदक आजारी आहे," आई म्हणाली.

"काय?"

"पाय ओढतंय. ते असं चालायचं नाही. कोल्हा वळायच्या आत ते शिडीखाली पोहोचायचं. हे पोहोचणारच नाही. तुझा डबा हळू चालतोय."

मुलीने फोनवरून कबूल केलं, की सोंग घेताना डब्याची दमछाक होते. त्याचा वेग कमी-जास्त करायचे आकडे आहेत म्हणाली. मग आई खुर्चीत बसून आकडे सांगू लागली आणि मी ते बदलू लागलो. कमी, जास्त, अजून थोडं. मध्येच ती "मठ्ठ" म्हणाली. मला म्हणाली की डब्याला, ते मी विचारलं नाही. शेवटी बदक ताठ झालं आणि तुरुतुरु पळालं. "हं. आता बरं आहे," आई म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

मी बटणांचा कंट्रोलर तिच्या हातात दिला. डाव्या अंगठ्याने ती बदक चालवू शकत होती. उडी मात्र उजव्या अंगठ्याची. पहिलीच विहीर आली. अंगठा बटणावर होता, पण दबला नाही. बदक विहिरीत गेलं. पुन्हा गेलं. पुन्हा गेलं. आईच्या कपाळावर घाम आला. मला माझ्या सगळ्या उपद्व्यापाचा पश्चात्ताप होऊ लागला. चारचौघांत हिची फजिती करायला मी हे सगळं केलं का?

"आई, अगं यात एक सोय आहे," मी घाईघाईने म्हणालो. "बदक मरणारच नाही असं करता येतं. किंवा विहिरीच्या पुढूनच सुरू करता येतं."

"माझा आक्षेप नाही," काकाही मऊ आवाजात म्हणाले.

आईने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. फळ्यापाशी चुकीचं उत्तर लपवणाऱ्या पोराकडे पाहावं तसं.

"विहिरीत पडलं तर पडलं. मी पहिल्यापासून सुरू करीन. खबरदार कोणी हात लावलात तर."

तेव्हापासून घरात बदक पडत होतं. सकाळी पडे, दुपारी पडे. पडलं की आई त्याला काहीबाही बोले, असे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. बायको म्हणाली, "आई, थोडी विश्रांती घ्या ना." उत्तर म्हणून बदकाचं संगीत आलं. अंगठा सुजायचा, ती तो गरम पाण्यात धरायची आणि परत बसायची. मग एका दुपारी मी कार्यालयात असताना बायकोचा फोन आला. काय म्हणत होती ते कळेना, कारण मागून काका "गेलं! गेलं! पार गेलं!" म्हणून ओरडत होते. बदक विहिरीवरून पलीकडे गेलं होतं. समोर एक गृहस्थ विम्याचा दावा घेऊन बसले होते. मी त्यावर नकार लिहायला घेतलेला, तो न लिहिता त्यांना चहा पाजला.

चेंडूवाला आला तेव्हा आईचा हात उलटसुलट करून बघतच राहिला. अंगठा वळत होता, पहिलं बोट त्याला टेकत होतं. "आजी, शाब्बास! बघा, चेंडूचा कसा गुण आला!" चेंडू कुठे होता ते आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. "वयाच्या मानाने हे फार छान आहे. आता आणखी अपेक्षा ठेवू नका, एवढं पुरे."

"एवढं पुरे हे कोणी ठरवलं?" आईने विचारलं.

"नाही, म्हणजे साधारणपणे…"

"साधारणपणे म्हणजे किती, ते नीट सांग. उगाच मोघम बोलू नकोस."

तो बिचारा पुढल्या खेपेला नक्की सांगतो म्हणत निघून गेला.

त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो, काकाही होते. तेवढ्यात आतलं दार उघडलं. आई आपलं ताट घेऊन आली, नेहमीच्या जागेवर बसली आणि तिने चमचा उजव्या हातात धरला. चमचा थरथरत वर निघाला, अर्ध्या वाटेवर कलला आणि भात टेबलावर सांडला. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघू लागलो. बायको फडकं घ्यायला उठली.

"बस खाली," आई म्हणाली. "मी सांडलंय, मी उचलीन."

तिने चमचा खाली ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणून एक शीत चिमटीत धरलं. ते निसटलं. तिने पुन्हा धरलं आणि ताटात ठेवलं. मग दुसरं. आमची जेवणं केव्हाच झाली होती, हात वाळले होते, पण शेवटचं शीत उचलून होईपर्यंत टेबलावरून कोणीही उठलं नाही.